फ्योदोर दस्तयेवस्की : अपस्माराच्या सोबतीचे आयुष्य

लेखकाच्या आजाराचा त्याच्या वाङ्‌मयाशी संबंध जोडण्याची रीत समीक्षेत जुनी आहे आणि बहुतेक वेळा ती फसवी ठरते. क्षयाने गेलेल्या कवीच्या प्रत्येक ओळीत क्षय शोधला जातो. दृष्टी गेलेल्या कवीच्या प्रतिमांतील अंधाराचे मोजमाप होते. फ्योदोर मिखाइलोविच दस्तयेवस्की या रशियन कादंबरीकाराच्या बाबतीत मात्र हा संबंध समीक्षकांनी बाहेरून लादलेला नाही. आपल्याला अपस्मार आहे हे त्याने स्वतः पत्रांतून, टिपणवहीतून आणि राजदरबारी केलेल्या अर्जातूनही नोंदवले. आणि आपला आजार त्याने निरनिराळ्या कादंबऱ्यांतील निरनिराळ्या पात्रांना वाटून दिला. त्यामुळे या चरित्रात आजाराला बगल देता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की त्याला किती जागा द्यावयाची.

अपस्मार हा शब्द आपल्याकडे चरकसंहितेपासून रूढ आहे. स्मृतीचा अपगम, म्हणजे भान हरपणे, हे त्याचे लक्षण त्या नावातच सांगितलेले आहे. चरकाने वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे त्याचे चार प्रकार केले व त्याला रोगांच्या मालिकेत बसवले. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथाने, लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक पवित्र नाही आणि त्याचे मूळ मेंदूत आहे, अशी भूमिका घेतली. शास्त्र असे लवकर जागे झाले तरी लोकव्यवहार आपल्या वाटेने चालत राहिला. नटराजाच्या पायाखाली दडपलेला बुटका पुरुष अपस्मार या नावानेच ओळखला जातो. मराठी लोकभाषेत हा आजार फेफरे, मिरगी, घुरे, आकडी अशा नावांनी वावरतो. वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या बाजारात काय किंवा पुण्यामुंबईच्या हमरस्त्यावर काय, कोणी आकडी येऊन कोसळला की कांदा फोडून नाकाशी धरणे, चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे हे उपाय आजही सुचवले जातात. यांपैकी कशानेही आकडी थांबत नाही. ती बहुधा एकदोन मिनिटांत आपोआप ओसरते आणि श्रेय कांद्याला मिळते. हा तपशील येथे नोंदवण्याचे कारण असे, की दस्तयेवस्कीच्या रशियातही स्थिती फार निराळी नव्हती. झटका, भूतबाधा, दैवी साक्षात्कार आणि ढोंग या चार कल्पनांच्या मध्ये हा आजार तेथेही लोंबकळत होता, आणि या चारही कल्पना त्याच्या कादंबऱ्यांत उतरल्या आहेत.

त्याचा जन्म मॉस्को येथे ११ नोव्हेंबर १८२१ रोजी झाला. रशियात त्या काळी चालणाऱ्या जुन्या पंचांगानुसार ही तारीख ३० ऑक्टोबर येते. पुढील तारखा जुन्या पंचांगाच्याच आहेत. वडील मिखाइल अंद्रेयेविच गरिबांसाठीच्या मारिइन्स्की रुग्णालयात डॉक्टर होते व कुटुंबाचे बिऱ्हाड रुग्णालयाच्याच आवारात होते. आई मारिया १८३७ मध्ये क्षयाने वारली. त्यानंतर मुलाला पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात धाडण्यात आले. १८३९ च्या जूनमध्ये वडील त्यांच्या दारोवोये या जहागिरीवर मरण पावले. सरकारी नोंद मेंदूतील आघाताची झाली. भूदासांनी त्यांना ठार केले अशी कुजबूज मात्र पंचक्रोशीत राहिली.

या कुजबुजीवर पुढे एक मोठा सिद्धान्त उभा राहिला. सिग्मंड फ्रॉइडने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दस्तयेवस्कीची आकडी ही मेंदूची व्याधी नसून उन्मादाचा आविष्कार असावी असा तर्क मांडला. पित्याच्या मृत्यूची मनोमन इच्छा धरणाऱ्या मुलाने तो मृत्यू प्रत्यक्षात येताच स्वतःला दिलेली ती शिक्षा होय, असे त्याचे म्हणणे. सिद्धान्त मोहक आहे आणि साहित्याच्या वर्गात अजूनही तो उत्साहाने सांगितला जातो. परंतु वडिलांच्या मृत्यूची बातमी ऐकून अठराव्या वर्षी मुलाला आकडी आली, याला समकालीन पुरावा नाही. चरित्रकार जोसेफ फ्रँक याने फ्रॉइडच्या आधारांची तपासणी करून ते किती तकलादू आहेत हे दाखवून दिले आहे. फ्रॉइडला पितृहत्येची कादंबरी आधी भेटली आणि चरित्र नंतर, असे म्हणावे लागते.

मग आजार सुरू केव्हा झाला? १८४४ मध्ये त्याने नोकरी सोडली, १८४६ च्या आरंभी ‘गरीब माणसे’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि समीक्षक बेलिन्स्कीच्या प्रशंसेने तो रातोरात नावारूपास आला. या काळात ग्रिगोरोविच या मित्राबरोबर फिरत असता समोरून प्रेतयात्रा येताना पाहून तो बेशुद्ध पडल्याची आठवण त्या मित्राने नोंदवली आहे. १८४६ पासून त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर स्तेपान यानोव्स्की यांनी १८४७ च्या उन्हाळ्यात भर रस्त्यावर आलेल्या एका झटक्याचे वर्णन केले आहे. त्या वेळी त्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्तमोक्षणाचा उपाय केला. त्याच वर्षीच्या ‘घरमालकीण’ या कथेत मूरिन नावाच्या म्हाताऱ्याला अपस्माराचा झटका येतो. म्हणजे तुरुंगात जाण्यापूर्वीच हा आजार त्याच्या अनुभवाच्या, निदान निरीक्षणाच्या, कक्षेत आलेला होता. तो स्वतः मात्र पुढे आजाराची सुरुवात सैबेरियात झाली असे सांगत राहिला. ज्या व्याधीला राजदंडाची पार्श्वभूमी आहे ती व्याधी सांगणे त्याला सोपे गेले असावे.

राजदंडाची हकिगत सर्वपरिचित आहे. पेत्राशेव्स्कीच्या मंडळात बंदी असलेल्या वाङ्‌मयाचे वाचन केल्यावरून २३ एप्रिल १८४९ रोजी त्याला अटक झाली. आठ महिने किल्ल्यातील कोठडीत काढल्यावर २२ डिसेंबरला त्याला व त्याच्या सोबत्यांना सेम्योनोव्स्की चौकात गोळ्या घालण्यासाठी उभे करण्यात आले आणि शेवटच्या क्षणी झारची माफी वाचून दाखवण्यात आली. हा सारा देखावा आधीच ठरलेला होता. त्यानंतर ओम्स्क येथे चार वर्षे सक्तमजुरी, पायांत बेड्या. १८५४ पासून सेमिपलातिन्स्क येथे शिपाईगिरी. १८५७ च्या अखेरीस लष्करी डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यात पहिला झटका १८५० मध्ये, दुसरा १८५३ मध्ये व पुढे दरमहा झटके, अशी नोंद आहे. झटक्याच्या वेळी ओरडणे, शुद्ध हरपणे, हातापायांचे आचके, तोंडाला फेस, घरघरता श्वास ही त्यातील वर्णने आजच्या वैद्यकालाही ओळखीची वाटावीत इतकी नेमकी आहेत.

हा दाखला निघण्यापूर्वी जे घडले ते या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंगांपैकी एक होय. १८५७ च्या फेब्रुवारीत त्याने कुझ्नेत्स्क येथे मारिया इसायेवा या विधवेशी विवाह केला. परतीच्या वाटेवर बर्नाउल येथे मुक्काम असताना त्याला तीव्र झटका आला. नवपरिणीत पत्नीने तो पाहिला आणि ती भयभीत झाली. तोवर डॉक्टर त्याला मज्जातंतूंचा साधा विकार म्हणत धीर देत होते. बर्नाउलच्या डॉक्टरने हा खरा अपस्मार आहे आणि एखाद्या झटक्यात गुदमरून मृत्यूही येऊ शकतो, असे स्पष्ट सांगितले. भाऊ मिखाइल याला लिहिलेल्या पत्रात दस्तयेवस्कीने, हे आधी कळले असते तर आपण विवाहच केला नसता, अशा आशयाची कबुली दिली. तो विवाह सुखाचा झाला नाही. त्याला इतरही कारणे होती, पण पहिल्याच प्रवासात त्या जोडप्यामध्ये जे भय येऊन बसले ते पुढे उठले नाही.

हा प्रसंग आपल्याकडील वाचकाला दूरचा वाटू नये. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाच्या आड येणारी अट म्हणून घातली गेली होती. विशेष विवाह कायद्यातही ती होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती दोन्हीकडून वगळण्यात आली. कायद्यातून अट गेली म्हणून स्थळे पाहताना होणारी लपवाछपवी गेली असे नाही. मुलीची आकडी लपवणे आणि लग्नानंतर ती उघड होणे, औषधाच्या गोळ्या सासरी लपून घ्याव्या लागणे किंवा बंदच करणे, आणि मग झटका येणे, हे चक्र वैद्यकीय व्यवसायातील मंडळींच्या चांगले परिचयाचे आहे. बर्नाउलमध्ये दस्तयेवस्कीने काही लपवले नव्हते; त्यालाच अर्धवट माहीत होते. तरीही परिणाम तोच झाला.

एका बाबतीत मात्र आजार उपयोगी पडला. प्रकृतीच्या कारणावरून १८५९ मध्ये त्याला सैन्यातून मुक्तता मिळाली. त्वेर येथून झार दुसरा अलेक्झांडर याला केलेल्या अर्जात, आपला अपस्मार राजधानीतील डॉक्टरांना दाखवता यावा म्हणून पीटर्सबर्गमध्ये राहू द्यावे, अशी विनंती त्याने केली, आणि वर्षअखेरीस तो पीटर्सबर्गला परतला. ‘मृतांच्या घरातील आठवणी’ने त्याचे नाव पुन्हा उभे राहिले. १८६१ च्या ‘अपमानित आणि दुखावलेले’ या कादंबरीतील नेली ही पोरकी मुलगी अपस्माराची रुग्ण आहे. तिचे झटके अपमान आणि उपासमार यांच्या मागोमाग येतात. लेखक तिच्या आजाराला अद्याप करुणेच्याच अंगाने पाहतो. १८६४ हे वर्ष अत्यंत वाईट गेले. एप्रिलमध्ये पत्नी गेली, जुलैत भाऊ मिखाइल गेला, त्याचे कर्ज व कुटुंब याच्या डोक्यावर आले.

१८६६ च्या ऑक्टोबरात एका प्रकाशकाशी केलेल्या जाचक करारातून सुटण्यासाठी त्याने आन्ना ग्रिगोर्येव्ना स्निट्किना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला कामावर घेतले व २६ दिवसांत ‘जुगारी’ सांगून पुरी केली. या वेळी त्याने बर्नाउलची चूक होऊ दिली नाही. पहिल्याच भेटीत, अनोळखी मुलीसमोर, आपल्याला अपस्मार आहे आणि नुकताच झटका येऊन गेला आहे, हे त्याने सांगून टाकले. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी त्यांचा विवाह झाला. काही दिवसांतच आन्नाच्या बहिणीकडील मेजवानीत, बोलता बोलता त्याचा चेहरा बदलला, भयंकर किंकाळी फुटली आणि तो कोसळू लागला. बहीण घाबरून पळाली. आन्नाने त्याचे खांदे धरून त्याला सावकाश खाली बसते केले आणि डोके मांडीवर घेऊन झटका ओसरेपर्यंत ती तेथेच राहिली. त्याच संध्याकाळी दुसरा झटका आला. तिच्या आठवणींत हा प्रसंग सविस्तर आहे. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या या मुलीने जे केले, म्हणजे रुग्णाला आपटू न देणे, तोंडात काही न कोंबणे, जवळ थांबणे, त्यात आजही फारशी भर घालावी लागत नाही; एका कुशीवर वळवणे तेवढे जोडावे.

कर्जदारांच्या भीतीने हे जोडपे १८६७ च्या एप्रिलमध्ये परदेशी गेले आणि चार वर्षे परतले नाही. बाडेन येथील जुगाराने त्यांना कफल्लक केले. बाझेल येथे होल्बाइनचे मृत ख्रिस्ताचे चित्र पाहताना त्याच्या चेहऱ्यावर झटक्यापूर्वीची छाया पाहून आन्नाने त्याला तेथून दूर नेले. १८६८ च्या फेब्रुवारीत जिनिव्हा येथे तिला प्रसूतिवेदना सुरू झाल्या, त्या रात्री नुकत्याच आलेल्या झटक्याने तो गलितगात्र पडला होता; त्याला उठवूनही उपयोग नव्हता. तिने सकाळपर्यंत एकटीने कळा सोसल्या. ती मुलगी, सोफिया, तीनच महिने जगली.

या दिवसांत ‘इडियट’ लिहिली जात होती. स्वित्झर्लंडमधील उपचारगृहातून परतलेला राजपुत्र मिश्किन हा अपस्माराचा रुग्ण आणि दस्तयेवस्कीने कल्पिलेला सर्वांगसुंदर माणूस. रोगोझिन सुरा उगारून जिन्यावर उभा असता मिश्किनला झटका येतो व तो वाचतो. पुढे एका प्रतिष्ठित मेजवानीत मौल्यवान चिनी फुलपात्र त्याच्या हातून फुटते, सारे त्याला सांभाळून घेतात, आणि मग झटका येतो तेव्हा ठरत आलेला विवाह बारगळतो. समाज फुटलेले फुलपात्र क्षमा करतो, आकडी क्षमा करत नाही. कादंबरीतील सामाजिक निरीक्षणाचे हे टोक झटक्यापूर्वीच्या आनंदक्षणाच्या चर्चेत नेहमी झाकोळले जाते.

तो आनंदक्षणही विचारात घेतला पाहिजे. मिश्किनला झटक्याच्या क्षणभर आधी अलौकिक सुसंवादाचा प्रत्यय येतो. आपल्यालाही असे होते, हे दस्तयेवस्कीने स्त्राखोव्ह या मित्राला सांगितल्याची नोंद आहे. वैद्यकात यावर बराच खल झाला. फ्रेंच तज्ज्ञ आलाजुआनीन याने १९६३ मध्ये ही नोंद प्रमाण मानली; आंरी गास्तो याने १९७८ मध्ये ती वाङ्‌मयीन निर्मिती असावी असा संशय घेतला व पुढे आपले मत काहीसे सैल केले. १९८० मध्ये इटालियन डॉक्टरांनी अशाच आनंदानुभवाच्या एका रुग्णाची मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या आलेखासह नोंद प्रसिद्ध केली. अलीकडे मेंदूच्या इन्सुला या भागाशी त्याचा संबंध जोडणारे संशोधन जिनिव्हा येथेच झाले आहे. असा प्रकार दुर्मीळ आहे, पण आहे. तरीही त्यावरून प्रतिभेचे मूळ अपस्मारात शोधणे, जसे लोंब्रोझोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले, हे टिकणारे नाही. दस्तयेवस्कीची टिपणवही उघडली तर तेथे आनंदाचा मागमूस जवळजवळ नाही. तेथे झटक्याची तारीख, वेळ, हवामान, चंद्राची कला, आणि पुढील दिवसांचे वर्णन आहे. डोके जड, विषण्णता, काहीतरी भयंकर गुन्हा केल्याची अकारण भावना, नावे आठवत नाहीत. झटके बहुधा झोपेत येत. महिन्याला साधारण एक, कधी आठवड्यात दोन, कधी काही महिने एकही नाही. लिहून झालेल्या भागाचे कथासूत्र विसरल्यामुळे तो पुन्हा वाचावा लागतो, ही तक्रार त्याने केली आहे. हप्त्याहप्त्याने छापल्या जाणाऱ्या कादंबरीच्या लेखकाला याचा अर्थ काय होत असेल याची कल्पना करता येते. आजाराने त्याला विषय दिला असेल, पण वेळ आणि स्मृती हिरावून घेतली.

उपचार जवळजवळ नव्हतेच. १८५७ मध्ये, बर्नाउलच्याच वर्षी, लंडनमध्ये लोकॉक याने ब्रोमाइडचा गुण प्रथम सांगितला. १८६३ मध्ये पॅरिस व बर्लिन येथील नामांकित डॉक्टरांना भेटण्याचा बेत दस्तयेवस्कीने पत्रात मांडला होता. परिणामकारक म्हणावे असे फेनोबार्बिटल १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी, आले. तेच औषध आज अत्यंत स्वस्त आहे. आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यांतील जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत, आणि योग्य निदान व औषध मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांवाचून जगू शकत असताना गरीब देशांतील बहुसंख्यांना ते मिळत नाही. १९९७ मध्ये या आजाराला अंधारातून बाहेर काढण्यासाठी जागतिक मोहीम सुरू झाली. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला. २०२२ मध्ये २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. दस्तयेवस्कीला औषध मिळाले नाही कारण ते नव्हते. आजच्या रुग्णाच्या बाबतीत हे कारण देता येत नाही.

१८७१ मध्ये कुटुंब मायदेशी परतले. ‘भुते’ या कादंबरीत किरिलोव्ह शाश्वत सुसंवादाच्या क्षणांविषयी बोलू लागतो, तेव्हा शातोव्ह त्याला बजावतो की अपस्माराची सुरुवात अशीच होते. साक्षात्कारावर निदानाचे पाणी ओतण्याचे हे काम लेखकाने स्वतःच केले, हे साक्षात्कारवादी समीक्षकांनी लक्षात घ्यावयास हवे होते.

१८७५ मध्ये धाकटा मुलगा अल्योशा जन्मला. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता, तोच १६ मे १८७८ रोजी त्याला झटका आला. झटका थांबेना, काही तासांत मूल गेले. ज्या आजाराने पित्याला साठीच्या उंबरठ्यापर्यंत येऊ दिले, त्याने मुलाला एका दिवसात नेले, आणि तो आपल्याकडूनच त्याला मिळाला या विचाराने दस्तयेवस्की खचला. लहान मुलाची दीर्घकाळ न थांबणारी आकडी प्रत्येक वेळी आनुवंशिकच असते असे आज म्हणता येत नाही. पण त्याला हे सांगणारे कोणी नव्हते. आन्नाच्या आग्रहावरून तो तरुण तत्त्वज्ञ सोलोव्योव्ह याच्यासह ऑप्टिना मठात गेला व तेथे वृद्ध साधू अम्ब्रोसी यांना भेटला. ‘करामाझव बंधू’मध्ये तीन वर्षांचे मूल गमावलेली एक शेतकरी स्त्री झोसिमा या साधूकडे येते. त्या मुलाचे नाव अलेक्सेय आहे. कादंबरीच्या नायकाचेही तेच आहे.

याच कादंबरीत त्याने आपला आजार स्मेर्द्याकोव्हलाही दिला. हा स्वयंपाकी झटक्याचे सोंग करून तळघरात पडतो, त्या आडून म्हाताऱ्या करामाझवचा खून करतो, आणि पुढे त्याला खरा झटका येतो. मिश्किन आणि स्मेर्द्याकोव्ह, दोघांचा रोग एकच. मुलगा याच रोगाने गेल्यावर काही महिन्यांत हे पात्र कागदावर उतरवणे किती कठीण होते याचा पुरावा नाही, आणि तो शोधणेही योग्य नव्हे. एवढे दिसते, की आपल्या व्याधीला त्याने पावित्र्याचे संरक्षण दिले नाही. अपस्मारी माणूस संत असू शकतो, खुनी असू शकतो, नेलीसारखी नुसती दुःखी मुलगीही असू शकतो. रुग्णाविषयीच्या एकसाची कल्पनांना याहून प्रभावी वाङ्‌मयीन उत्तर एकोणिसाव्या शतकात क्वचितच दिले गेले असेल. करुणेने लिहिलेल्या आजारकथांमध्ये रुग्णाला वाईट असण्याची मुभा सहसा नसते, हे मराठीतील अशा कथांच्या अभ्यासकालाही तपासून पाहता येईल.

जून १८८० मध्ये मॉस्को येथे पुश्किनच्या पुतळ्याच्या समारंभात केलेल्या भाषणाने त्याला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. नोव्हेंबरात ‘करामाझव बंधू’ पूर्ण झाली. तिचा दुसरा भाग त्याच्या मनात होता. २८ जानेवारी १८८१ रोजी संध्याकाळी फुप्फुसातील रक्तस्रावाने तो मरण पावला. बर्नाउलच्या डॉक्टरने सांगितलेला मृत्यू आला नाही. अलेक्झांडर नेव्स्की मठापर्यंतच्या अंत्ययात्रेत हजारो माणसे चालली. पतीच्या मृत्यूच्या वेळी आन्ना चौतीस वर्षांची होती. तिने पुन्हा विवाह केला नाही. त्याचे ग्रंथ, पत्रे आणि वह्या सांभाळल्या, आपल्या आठवणी लिहिल्या, आणि १९१८ मध्ये याल्टा येथे तिचा अंत झाला.